स्वतःहून रखवालदार झालेल्यांना जाब कोण विचारणार?

टॉवेल_हिशेबनीस (धागाकर्ता)

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात मी हिशेब बघतो. आमच्याकडे पॅकिंगला एक पोरगा आहे. पूर्व भागात राहतो, घरी तेलुगू बोलतात, आई विड्या वळते. गेल्या महिन्यात शहरातल्या एका मोठ्या ग्रुपवर त्याचा फोटो फिरला. वर लाल अक्षरांत 'मुलींना घाण मेसेज करणारा हाच तो, ओळखून ठेवा', खाली मोबाईल नंबर आणि आमच्या कारखान्याचं नाव. जेवणाच्या सुट्टीपर्यंत तो आमच्याच कामगारांच्या ग्रुपवर पोचला. संध्याकाळी मालकांनी पोराला सांगितलं, थोडे दिवस येऊ नकोस.

नीट चौकशी केल्यावर कळलं ते असं. कुणा मुलीला आलेल्या मेसेजचा एक जुना स्क्रीनशॉट होता, वर्षाहून जास्त जुना. ग्रुपवरच्या स्वयंसेवकांनी त्यातला नंबर उचलला आणि नंबरवरून नाव दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकला. अ‍ॅपने पोराचं नाव दाखवलं आणि पुढे 'टॉवेल एमआयडीसी'. मग व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी काढला, लाल अक्षरं चिकटवली आणि दिला सोडून. पण हा नंबर पोराकडे आला तोच मुळी त्या मेसेजनंतर कितीतरी महिन्यांनी. सिम चालू झाल्याचा कंपनीचा मेसेज तारखेसकट त्याच्या फोनमध्ये अजून आहे. स्क्रीनशॉटवरची तारीख कुणी वाचलीच नाही.

ग्रुप चालवणाऱ्यांपैकी एकाचंही खरं नाव कळत नाही. कुणाच्या डीपीवर वाघ, कुणाच्या तिरंगा. त्यांना मेसेज केला तर उत्तर आलं, 'आम्ही समाजसेवा करतो, तुमच्या पोराने केलं नसेल तर पोलिसांत सिद्ध करावं.'

इंटरनेटवर नाव लपवायला बंदी आणा असं माझं म्हणणं नाही. मीही इथे टोपणनावानेच लिहितोय, नाहीतर कारखान्याबद्दल एक ओळ लिहू शकलो नसतो. स्वतःचं दुःख, स्वतःचं मत, वरच्या माणसाविरुद्धची तक्रार नाव झाकून मांडता आलीच पाहिजे. पण दुसऱ्याचं नाव, चेहरा आणि कामाची जागा चव्हाट्यावर आणायची आणि स्वतः वाघाच्या चित्रामागे बसायचं, हे मला मान्य नाही. तुम्हाला काय वाटतं ते सविस्तर लिहा.

कडकभाकरी

लई वाईट झालं ओ. पोराला कामावर परत घेतलं का नाही?

टॉवेल_हिशेबनीस

मालकांना तारखा दाखवल्यावर आठवड्याने घेतलं. पण पॅकिंगला बायका असतात म्हणून आता लोडिंगला टाकलंय. पगार तोच, काम जड.

नवीपेठ_मोबाईल

माझं मोबाईलचं दुकान आहे, नंबरचं गणित सांगतो. बंद पडलेला नंबर कंपनी कायमचा फेकून देत नाही. किमान ९० दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर तोच नंबर नवीन गिऱ्हाइकाला जातो. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांना आधीच्या मालकाच्या बँकेचे, कुरिअरचे, वसुलीवाल्यांचे फोन येतात. एका आजोबांना तर रोज कुणीतरी 'हप्ता कधी भरतोस' म्हणून शिव्या घालायचा.

आणि ते नाव दाखवणारं अ‍ॅप म्हणजे सरकारी नोंद नव्हे. लोकांनी आपापल्या फोनमध्ये नंबर ज्या नावाने सेव्ह केलाय ते गोळा होऊन तिथे दिसतं. 'टॉवेल एमआयडीसी' कुठून आलं? कुणा व्यापाऱ्याने तसं सेव्ह केलं असणार. त्याला पुरावा म्हणणं म्हणजे कमाल आहे.

जाता जाता: आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते केंद्राच्या संचार साथी पोर्टलवर बघता येतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं. सगळ्यांनी एकदा बघून घ्या.

होटगीरोडकर

पोरावर अन्याय झाला हे मान्य. पण मुळात ही वेळ का आली? खरा बदमाश नाव लपवून बसला होता म्हणून. सगळ्या खात्यांना आधार जोडा, खऱ्या नावाशिवाय खातंच उघडू देऊ नका. घाण लिहिणारे निम्मे उद्या गप्प बसतील, मग स्वयंसेवक लागणारच नाहीत.

पानोपानी

होटगीरोडकर, हा प्रयोग एका देशाने करून पाहिलाय. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर ओळख पटवल्याशिवाय लिहायला बंदी घातली. त्यासाठी कंपन्यांनी लोकांचे ओळख क्रमांक साठवून ठेवले. २०११ मध्ये तिथल्या एका कंपनीवर हल्ला झाला आणि सुमारे साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने तो नियम एकमताने रद्द केला. ज्या बदमाशांसाठी नियम केला ते परदेशी संकेतस्थळांवर गेले, आणि सरळ माणसांचे क्रमांक चोरांच्या हातात पडले.

शिवाय खऱ्या नावाने लोक शिव्या देत नाहीत हे कुणी सांगितलं? फेसबुक उघडा. फोटो, आडनाव, गाव, नोकरी सगळं लावून माणसं एकमेकांच्या आयाबहिणींवर उतरलेली दिसतील.

मास्तर_भवानीपेठ

टोपणनावाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते. १८४८ पासून 'प्रभाकर' साप्ताहिकात त्यांनी 'लोकहितवादी' या नावाने पत्रं लिहिली आणि आपल्याच समाजातल्या दोषांवर कोरडे ओढले. लोक खवळले. पण नाव बदलून पळायचं त्यांनी केलं नाही. पत्रामागून पत्र त्याच नावाने. कालच्या पत्रात काय लिहिलं ते वाचकाला आठवत होतं, त्याचा जाब पुढच्या पत्रात मागता येत होता. आज निनावी लिहिणारा एक खातं उघडतो, घाण करतो, बंद करतो आणि दुसऱ्या नावाने परत येतो. दोघांना एकाच पारड्यात टाकता कामा नये.

कडकभाकरी

मास्तर, हे पटलं. नाव खोटं असलं तरी तेच नाव टिकून राहायला पाहिजे, असंच ना? आमच्या गल्लीत एकाला सगळे 'डॉन' म्हणतात, खरं नाव कुणालाच माहीत नाही, पण उधारी कुणाची राहिली ते सगळ्यांना माहीत असतं.

रेघोटी

मला इथे थोडं कडवट लिहावं लागणार आहे.

माझ्या नावाने कुणीतरी खातं काढलं होतं. माझा कॉलेजच्या गॅदरिंगमधला फोटो, खाली दुसऱ्याच बाईचं शरीर. मी ते बघितलं तेव्हा माझ्या चुलतभावाने आधीच बघितलं होतं. घरात बोलायची सोय नव्हती. पोलिसांत गेले तर अर्ज घेतला आणि थांबायला सांगितलं. ज्यांनी त्या रात्री जागून, एकेक पोस्टची लिंक गोळा करून, मला तक्रार कुठे आणि कशी टाकायची ते शिकवून ते खातं उतरवलं, त्या दोन मुली अशाच एका स्वयंसेवी ग्रुपमधल्या होत्या. त्यांची खरी नावं मला आजही माहीत नाहीत. त्यांनी ती उघड केली असती तर माझ्यामागे लागलेला माणूस त्यांच्यामागे लागला असता.

म्हणून 'पकडणाऱ्याने नाव सांगितलंच पाहिजे' हा नियम मला भीतीदायक वाटतो. मदत करणाऱ्या बायका सगळ्यात आधी गप्प होतील.

टॉवेल_हिशेबनीस

ताई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. एक विचारतो, राग मानू नका. त्या दोघींनी त्या माणसाचं नाव, फोटो कुठे टाकला का?

रेघोटी

नाही. मी रागाच्या भरात म्हणाले होते, टाका. त्यांनीच नको म्हणून सांगितलं. 'आपल्याला खातं उतरवायचंय, माणूस शोधायचं काम पोलिसांचं' असं म्हणाल्या.

टॉवेल_हिशेबनीस

मग माझं म्हणणं मी सुधारून मांडतो. त्या दोघींनी ज्याचं नुकसान झालंय तिच्या बाजूने तक्रार टाकली. त्यात तिसऱ्या कुणाचं काही बिघडत नव्हतं, आणि चूक झाली असती तरी कंपनीने तपासलं असतं. आमच्या पोराच्या बाबतीत तक्रार, तपास, निकाल आणि शिक्षा असं सगळं त्याच वाघाच्या डीपीने एका दुपारी उरकलं. नाव मागायचं ते या दुसऱ्या प्रकारच्या माणसाला.

आणि नाव जगजाहीरच हवं असंही नाही. ग्रुपवरच्या चार जबाबदार माणसांना तरी माहीत हवं, म्हणजे उद्या बिघडलं तर जायचं कुणाकडे ते कळेल.

माजी_अंमलदार

मी पोलीस खात्यातून निवृत्त झालोय. रेघोटी, तुम्हाला नुसतं थांबायला सांगितलं ते चूकच. माणसं कमी आणि अर्ज ढीगभर ही वस्तुस्थिती आहे, पण त्याचा भार तक्रारदार मुलीवर पडता कामा नये.

आता नंबरवरून किंवा खात्यावरून माणूस कसा ठरवतात ते सांगतो, म्हणजे वाघाच्या डीपीवाल्यांनी काय काय गाळलं ते कळेल. आयटी कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करतो, कलम ७८. मोबाईल कंपनीकडून माहिती मागवताना 'हा नंबर कुणाचा' एवढंच विचारून भागत नाही, 'अमुक तारखेला, अमुक वेळेला कुणाचा होता' असं विचारावं लागतं. तुमच्या पोराची सगळी गोष्ट त्या 'होता'मध्ये आहे.

खोटं खातं असेल तर सोशल मीडिया कंपनी लॉगिनचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेट जोडणीचे क्रमांक, देते. मोबाईल इंटरनेटवर एकच आयपी पत्ता एका वेळी बऱ्याच ग्राहकांमध्ये वाटलेला असतो. त्यामुळे नुसत्या पत्त्यावरून माणूस सापडत नाही. पोर्ट क्रमांक (एकाच पत्त्यावरचे ग्राहक वेगळे ओळखायचा आकडा) आणि सेकंदापर्यंतची वेळ लागते. त्यातही परदेशी कंपनीच्या कागदावर वेळ जागतिक घड्याळाची असते, आपली त्याच्या साडेपाच तास पुढे. ही बेरीज राहिली तर भलत्याच माणसाच्या दारात उभं राहायची वेळ येते. एवढं करूनही कधी कधी आढळतं की वायफाय घरमालकाचं आणि उद्योग भाडेकरूचा. हे सगळं सोडून अ‍ॅपमध्ये नाव बघून फोटो फिरवायचा म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

होटगीरोडकर

अंमलदारसाहेब, माहिती छान दिलीत. पण केंद्र सरकारनेच सायबर स्वयंसेवक नेमलेत ना? मग या लोकांनी केलं तर बिघडलं कुठे?

अ‍ॅड_सातरस्ता

ती योजना आहे, पण लोक समजतात तशी नाही. गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तीन प्रकारे नाव नोंदवता येतं: बेकायदा मजकूर दिसला तर कळवणारा, जनजागृती करणारा आणि तांत्रिक तज्ज्ञ. यातल्या कुणालाही तपासाचा अधिकार नाही, माणूस जाहीर करण्याचा तर नाहीच. काम गोपनीय ठेवायचं आणि मंत्रालयाचं नाव वापरून समाजमाध्यमांवर मिरवायचं नाही अशी त्यात अटच आहे. त्यामुळे जो 'मी सरकारी सायबर स्वयंसेवक' म्हणून छाती पुढे काढतो त्याने पहिली अट तिथेच मोडली.

या योजनेवर मात्र माझा आक्षेप आहे. मजकूर कळवणाऱ्याची आधी पडताळणी लागत नाही, पण बाकी दोन प्रकारांना लागते. आणि कळवायच्या मजकुरात 'देशविरोधी'सारखे शब्द येतात, ज्यांची व्याख्या कायद्यात नाही. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण झालेला माणूसही उद्या त्याच्या पोस्टी कळवत बसेल.

आणि व्याख्या नसली की काय होतं ते महाराष्ट्राने बघितलंय. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुण मुलींना मुंबई बंदबद्दलच्या एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली. एकीने लिहिलं होतं, दुसरीने फक्त लाइक केलं होतं. दोघी खऱ्या नावाने वावरत होत्या हे लक्षात घ्या. आयटी कायद्याचं तेव्हाचं कलम ६६अ, ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला शिक्षा देणारं, सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल खटल्यात घटनाबाह्य ठरवलं. तरीही पुढे कित्येक वर्षं पोलीस ठाण्यांत त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवले जात होते, शेवटी २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश काढावा लागला.

निनावी धमकीला मात्र आपला कायदा ढिला नाही. नाव किंवा ठावठिकाणा लपवून धमकी दिली तर नेहमीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, भारतीय न्याय संहिता कलम ३५१, पोटकलम ४. जुन्या दंड संहितेतही हे होतं, कलम ५०७. नाव लपवणं हा स्वतः गुन्हा नाही, नाव लपवून दुसऱ्याला इजा करणं हा आहे.

मंगळवेढेकर

मी फक्त वाचत होतो. पण 'ओळखून ठेवा' हे शब्द वाचल्यावर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी गेले होते. व्हॉट्सअ‍ॅपवर मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज आधीच फिरत होते. गर्दीने त्यांना धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही गेले. त्यातले बहुतेक आमच्या मंगळवेढा तालुक्यातले होते. ती माणसं कित्येक पिढ्या अशीच गावोगाव फिरत आलीत, अनोळखी दिसणं हाच त्यांचा अपराध ठरला.

ज्यांनी मेसेज पुढे ढकलले त्या प्रत्येकाला वाटत होतं की आपण मुलांचं रक्षण करतोय. ग्रुपमध्ये सगळ्यांची नावं दिसत होती, नंबर दिसत होते, निनावी कुणीच नव्हतं. तरी पहिला मेसेज कुणाचा ते कुणी विचारलं नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. आमची माणसं गेल्यावर.

पोराचा फोटो फिरला तेव्हा त्याला रस्त्यात कुणी धरलं नाही, हे केवळ नशीब समजा.

रेघोटी

मंगळवेढेकर, वाचून हात थरथरले. मी त्या रात्री 'टाका त्याचं नाव' म्हणाले होते तेव्हा माझ्या डोक्यात हे नव्हतं.

पानोपानी

स्वयंसेवी पहारा ही काही आजची कल्पना नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत १९७९ पासून लाल टोप्या घातलेल्या तरुणांची एक संघटना, गार्डियन एंजल्स, गस्त घालायची. १९९५ मध्ये त्यांनीच इंटरनेटवर गस्त सुरू केली, सायबर एंजल्स नावाने. तेव्हापासून वाद तोच आहे. रेल्वेत ती लाल टोपी डब्यातल्या प्रत्येकाला दिसते. टोपीवाल्याने धक्काबुक्की केली तर कुणाबद्दल तक्रार करायची ते कळतं. स्क्रीनमागे टोपी दिसत नाही.

मी मराठी विकिपीडियावर बरीच वर्षं संपादन करतो, टोपणनावाने. तिथेही स्वयंसेवकच राखण करतात. पण मी कुठल्या लेखात कुठली ओळ किती वाजता बदलली ते 'इतिहास' पानावर कायमचं दिसतं. प्रचालकाने, म्हणजे तिथल्या अ‍ॅडमिनने, कुणाला प्रतिबंध केला तर त्याची वेगळी नोंद राहते, कारण लिहावं लागतं, चर्चापानावर जाब विचारता येतो. माझं आडनाव कुणाला ठाऊक नाही, पण माझ्या चुका सगळ्यांना ठाऊक आहेत. शहरातल्या ग्रुपवर नेमकं उलटं चालतं. पोस्ट डिलीट केली की सगळं पुसलं जातं.

होटगीरोडकर

आधारचा आग्रह मी सोडतो. पण 'वरच्या माणसाविरुद्ध निनावी तक्रार' याचा गैरवापर होत नाही का? आमच्या सोसायटीत निनावी पत्रांनी उच्छाद मांडलाय. ज्याला खरंच सांगायचंय त्याने छातीठोक सांगावं.

अ‍ॅड_सातरस्ता

छातीठोक सांगणाऱ्याचं काय होतं ते सत्येंद्र दुबे यांच्या बाबतीत देशाने पाहिलं. राष्ट्रीय महामार्ग प्रकल्पावरचे अभियंते. भ्रष्टाचाराबद्दल त्यांनी थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिलं, आपलं नाव गुप्त ठेवावं अशी विनंती केली, तरी ते पत्र त्यांच्या ओळखीसकट खात्याखात्यांतून फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गया इथे त्यांचा खून झाला. न्यायालयात तो लुटीचा प्रकार ठरला, पण देशभर एवढा क्षोभ उसळला की पुढच्या वर्षी सरकारला तक्रारदारांच्या संरक्षणाचा ठराव काढावा लागला. २०१४ मध्ये संसदेने कायदाही केला, पण तो अंमलात आणलेला नाही. आणि त्या कायद्यातही निनावी तक्रारीची दखल घेतली जात नाही.

विडी कारखान्यात भविष्यनिर्वाह निधी कापला पण भरला नाही, ही तक्रार कोणती बाई 'छातीठोक' करेल? दुसऱ्या दिवशी तिची पानं आणि तंबाखू बंद. तिची तक्रार तपासता येते, कागद बघून. नाव कशाला पाहिजे?

टॉवेल_हिशेबनीस

वकीलसाहेब, आता आमच्या पोराचं काय करायचं ते सांगा. ग्रुपवाल्यांनी पोस्ट काढली, पण खुलासा टाकायला तयार नाहीत.

अ‍ॅड_सातरस्ता

पोस्ट काढली तरी ज्यांनी जपून ठेवलीय त्यांच्याकडून स्क्रीनशॉट घ्या. त्यात ग्रुपचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर, तारीख आणि वेळ दिसली पाहिजे. ज्या फोनमध्ये मूळ मेसेज आहे तो फोन जपा, पुसू नका. कंपनीच्या गॅलरीतून सिम चालू झाल्याच्या तारखेचं लेखी पत्र घ्या. हे सगळं घेऊन सायबर ठाण्यात अर्ज द्या आणि पोच घ्या. बदनामीसाठी न्याय संहितेचं कलम ३५६ आहे, पण आधी मी एक नोटीस काढून देतो. वाघामागचा माणूस कोण ते ग्रुपमधल्या कुणालातरी माहीत असतंच.

रेघोटी आणि इतर मैत्रिणींसाठी: अश्लील किंवा बनावट फोटोची तक्रार आली की २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनीने तो २४ तासांच्या आत काढायचा असे, २०२६ च्या दुरुस्तीपासून दोन तासांच्या आत, आणि तक्रार तुमच्या वतीने दुसऱ्या कुणी केली तरी चालते. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर या प्रकारात नाव न देताही कळवायची सोय आहे. पैशांची फसवणूक असेल तर वेळ न घालवता १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

माजी_अंमलदार

अर्ज द्यायला मी बरोबर येतो. आणि ज्या मुलीचा तो मूळ स्क्रीनशॉट होता तिचं काय झालं? मेसेज पाठवणारा खरा माणूस अजून मोकळाच आहे. त्या तारखेला नंबर ज्याच्या नावावर होता त्याची नोंद कंपनीकडे मिळू शकते. तिने तक्रार दिली तर तोही सापडेल. या सगळ्या गोंगाटात तिला कुणी विचारलेलंच नाही.

रेघोटी

तिचा शोध लागला तर मला सांगा. मी तिच्याशी बोलेन. तिला ठाण्यात एकटीने जायला लागू नये.

टॉवेल_हिशेबनीस

पोराशी काल बोललो. नोटिशीला तयार आहे. खुलासा मात्र कसा लिहायचा यावर अडलोय. मी मसुद्यात त्याचं पूर्ण नाव घातलं होतं, 'अमुक निर्दोष आहे' असं. तो म्हणाला, साहेब, ज्यांनी पहिला फोटो बघितला नाही त्यांनाही आता माझं नाव कळेल. फोटो नको, नाव नको, कारखानाही नको. नंबरचे शेवटचे चार आकडे आणि दोन तारखा एवढंच द्या: मेसेज कधीचा आणि सिम कधीचं. ज्यांनी ती पोस्ट पाहिली त्यांना तेवढ्यावरून कळेल.

मसुदा तसा बदललाय. वकीलसाहेब, तुम्हाला पाठवतो.

अ‍ॅड_सातरस्ता

पाठवा. खाली ग्रुप चालवणाऱ्याच्या सहीसाठी जागा सोडा, खऱ्या नावासकट.